चिकावरचा पहिला हक्क

गाय व्याली म्हणजे ज्या गोठ्यांत ती व्याली तेथें जितकी लगबग उडते, तितकीच ती तिचें दूध रतिबानें घेणाऱ्या शहरांतील घरींही उडते. धुळ्यास देवपुरांत असो वा जुन्या धुळ्यांत असो, गवळ्यानें सकाळीं झांकलेली किटली उंबऱ्यावर ठेवली आणि "वहिनी, चीक आणलाय" असें म्हटलें, कीं घरांतील मुलांचें अभ्यासावरील लक्ष उडालेंच म्हणून समजावें. चिकांत साधें दूध व गूळ मिसळून, वेलदोडा आणि जायफळ घालून, वाफेवर थिजविलेला खरवस न आवडणारें मराठी घर विरळाच. या पदार्थाची निंदा करण्याचा येथें हेतु नाहीं. परंतु ती किटली उंबऱ्यावर येण्यापूर्वीं गोठ्यांतील वासराच्या पोटांत किती चीक गेला होता, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं, आणि गवळीही आपण होऊन सांगत नाहीं. आजारी वासरांचें अर्धें दुखणें या एका प्रश्नांत दडलेलें असतें.

खानदेशांतील कोणत्याही खेड्यांत ऐकूं येणारी हकीकत साधारण अशी असते. वासरूं रात्रीं जन्मलें, ठणठणीत दिसलें, दुसऱ्या दिवशीं त्यानें उड्याही मारल्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं त्याची शेपटी पिवळट-पांढऱ्या पातळ शेणानें माखलेली दिसूं लागली. कान लोंबले, डोळे खोल गेले, तोंडांत बोट घातलें तर तें चोखेना. आठवडा भरण्याच्या आंत वासरूं गेलें. कोणी म्हणालें दृष्ट लागली, कोणी म्हणालें दूध अंगीं लागलें नाहीं, कोणी म्हणालें त्याचें आयुष्यच तेवढें होतें. गाय दोन दिवस हंबरत राहिली, मग पान्हा चोरूं लागली, आणि घरच्या दुधाचा सबंध हंगाम बिघडला. दृष्टीचा दोष यांत कांहींच नसतो. जन्मानंतरचे पहिले कांहीं तास कसे गेले, याचाच हा हिशेब चौथ्या दिवशीं पुढें आलेला असतो.

माणसाचें मूल आणि गाईचें वासरूं यांत जन्मतःच एक मोठा भेद आहे. आईच्या रक्तांत रोगांशीं झुंजणारीं जीं द्रव्यें असतात, तीं माणसाच्या मुलाला पोटांत असतांनाच वारेवाटे मिळूं लागतात. गाय, म्हैस, शेळी व घोडी यांच्या वारेची घडण निराळी आहे. आईचें रक्त आणि गर्भाचें रक्त यांच्यामध्यें इतके पडदे असतात, कीं तीं संरक्षक द्रव्यें पलीकडे जाऊंच शकत नाहींत. म्हणून वासरूं जन्मतें तें अगदीं निःशस्त्र. गोठ्यांतील शेणांत, मुतांत आणि माणसाच्या हातांवर जे जंतु सदोदित असतात, त्यांच्याशीं लढण्याची त्याची स्वतःची तयारी होण्यास कांहीं आठवडे लागतात. तोंपर्यंतची शिदोरी निसर्गानें चिकांत भरून ठेवलेली आहे. व्याण्यापूर्वींच्या थोड्या आठवड्यांत गाय आपल्या रक्तांतील हीं द्रव्यें कासेंत साठवूं लागते. चीक दाट, पिवळा व चिकट असतो तो कांहीं अंशीं यामुळेंच.

ही गोष्ट पशुपालकांना अंदाजानें पुष्कळ पूर्वींपासून ठाऊक असावी. प्रयोगानें ती सिद्ध केली अमेरिकेंतील थिओबाल्ड स्मिथ व राल्फ लिटल यांनीं. प्रिन्स्टन येथील रॉकफेलर संस्थेच्या प्राणिरोगविभागांत त्यांनीं कांहीं वासरांना चीक दिला, कांहींना मुळींच दिला नाहीं, आणि 1922 मध्यें आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. चीक मिळालेलीं वासरें जगलीं. न मिळालेल्यांपैकीं बहुतेक दगावलीं, आणि त्यांच्या शरीरांत आंतड्यांतलेच नेहमींचे जंतु सर्वत्र पसरलेले आढळले. हेच ते स्मिथ, ज्यांनीं गुरांचा एक घातक ताप गोचिडीमार्फत पसरतो हें 1893 सालीं दाखवून दिलें होतें. डांसांमुळें हिंवताप पसरतो, या शोधाच्या आधींची ही गोष्ट आहे. गुरांच्या गोठ्यानें माणसांच्या वैद्यकास किती शिकविलें आहे याचा विचार शहरांत क्वचितच केला जातो.

आतां यांतील खरी मेख वेळेची आहे. एरवीं पोटांत गेलेलें कोणतेंही सत्त्व पचून, तुकडे होऊनच रक्तांत जातें. नवजात वासराच्या आंतड्याला मात्र प्रथम एक सवलत असते. चिकांतील संरक्षक द्रव्यें तें जशींच्या तशीं आंत घेतें. हें दार जन्मापासूनच मिटूं लागतें. पहिल्या सहा तासांनंतर तें बरेंच आकुंचन पावतें आणि चोवीस तासांनीं जवळजवळ बंद होतें. त्यानंतर शेरभर चीक पाजला तरी तो पोट भरतो, पण कवच देत नाहीं. म्हणून पहिला चीक जन्मानंतर एक-दोन तासांच्या आंत पोटांत गेला पाहिजे. प्रमाण लक्षांत ठेवण्यास सोपें आहे: पहिल्या दिवसांत निदान वजनाचा दहावा भाग. 20 किलोच्या गावरान वासराला 2 लिटर, 30 किलोच्या संकरित वासराला 3 लिटर; आणि त्यांतला निम्मा पहिल्या पाजण्यांतच.

इथें आपल्याकडील एक जुनी समजूत आड येते. वार पडल्याशिवाय चीक पाजूं नये, किंवा कासेला हात लावूं नये, असें पुष्कळ गांवांत मानतात. वार पडण्यास आठ-दहा तास लागणें ही नेहमींची गोष्ट आहे. गाय संध्याकाळीं व्याली, वार पहाटे पडली आणि मग वासरूं सोडलें, तर तोंपर्यंत तें दार निम्म्याहून अधिक मिटलेलें असतें. नवल असें कीं, ही समजूत तिच्या स्वतःच्या हेतूच्याही उलट जाते. वासरूं सडाला लागलें कीं गाईच्या मेंदूंतून जो स्राव सुटून पान्हा फुटतो, तोच स्राव गर्भाशयही आवळतो. अर्थात् वासरानें चोखल्यानें वार पडण्यास मदतच होते. रूढि पाळणाऱ्यांशीं वाद घालण्यापेक्षां त्यांना एवढेंच सांगितलेलें बरें, कीं वार लवकर पडावी असें वाटत असेल तर वासरूं आधीं सोडा.

खरवस ज्या गुणामुळें थिजतो तोही याच ठिकाणीं पाहण्यासारखा आहे. साधें दूध तापविलें तर उतूं जातें. चीक तापविला तर घट्ट होतो. कारण त्यांत वितळलेलीं प्रथिनें अतिशय असतात, आणि उष्णतेनें तीं अंड्याच्या बलकाप्रमाणें गोठतात. संरक्षक द्रव्यें हीं त्या प्रथिनांतलींच. वडी पाडतांना सुरीला जो घट्टपणा लागतो, त्यांत वासराच्या कवचाचाही भाग आहे. म्हणूनच वासरासाठीं ठेवलेला चीक कधींही उकळूं नये.

व्याण्याची वेळ ही खरें तर धांवपळीची नव्हे, पाहत राहण्याची असते. पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकलेलें नाक या क्रमानें वासरूं येत असेल तर गाईला तिचें काम करूं द्यावें. पाणमोट फुटून तास-दीड तास कळा येत असूनही कांहींच पुढें सरकत नसेल, अगर नुसती शेपटी किंवा एकच पाय दिसत असेल, तर गांवांतील चार धट्टेकट्टे गडी बोलावून दोर लावण्यापेक्षां डॉक्टरांकडे माणूस धाडावा. वासरूं बाहेर पडतांच त्याच्या नाकातोंडांतील चिकटा बोटांनीं काढून टाकावा. श्वास घेत नसेल तर नाकपुडींत गवताची काडी फिरवावी, शिंक आली कीं काम झालें. गोणपाटानें छाती व पाठ जोरानें चोळावी, आणि वासरूं कुशीवर न ठेवतां पोटावर, पाय दुमडून बसवावें. म्हणजे दोन्ही फुफ्फुसांत हवा शिरते. मागील पायांनीं बराच वेळ उलटें टांगण्याची चाल मात्र सोडून द्यावी, कारण त्यानें पोटांतील सर्व भार फुफ्फुसांवर पडतो.

त्यापुढचें काम गाय स्वतः करते. ती चाटते त्यानें वासरूं वाळतें, त्याचें रक्त खेळूं लागतें, आणि दोघांची ओळख पटते. पहिलारू गाय कधीं कधीं बावरते व वासराकडे पाहतही नाहीं. अशा वेळीं त्याच्या अंगावर थोडें मीठ किंवा कोंडा भुरभुरला तर ती चाटूं लागते. धुळ्याचा हिवाळा पुण्यामुंबईच्या लोकांना वाटतो तितका सौम्य नसतो. पांझरेच्या कांठीं पौषांतल्या पहाटे पारा कधीं कधीं 6-7 अंशांपर्यंत उतरतो, आणि ओल्या अंगाचें वासरूं शेणमातीच्या गार जमिनीवर तासभर पडून राहिलें तर त्याची चोखण्याची इच्छाच मरते. त्यास कोरड्या कडब्याच्या चुऱ्यावर वा गोणपाटावर ठेवावें, वारा अडवावा. उन्हाळ्यांत याच्या उलट. 43-44 अंशांच्या उन्हांत पत्र्याच्या छपराखालीं बांधलेलें वासरूं दुपारीं धापा टाकतें, आणि हगवण लागलेली असेल तर एका दुपारींत त्याच्या अंगांतलें पाणी संपतें.

नाळेकडे होणारें दुर्लक्ष हा दुसरा चोर दरवाजा. नाळ आपोआप तुटली नसेल तर पोटापासून सुमारें दोन इंचांवर स्वच्छ दोऱ्यानें बांधून, उकळलेल्या कात्रीनें कापावी आणि तिचें टोंक आयोडीनच्या अर्कांत पूर्ण बुडवावें. दोन-तीन दिवस हें करावें. राख, शेण, हळद-तेल यांचा लेप लावून माशांना आमंत्रण देऊं नये. नाळेवाटे शिरलेला जंतु रक्तांतून सांध्यांत जाऊन बसतो. दोन आठवड्यांच्या वासराचे गुडघे सुजले आणि तें लंगडूं लागलें, तर कोणाच्या लाथेचा शोध घेण्यापूर्वीं बेंबी दाबून पाहावी. ती बहुधा गरम व दुखरी लागते.

वासरूं जन्मानंतर तासाभरांत उभें राहावें आणि दोन तासांत सडाला लागावें. तसें न झाल्यास चीक काढून बाटलीनें, बुचाच्या रबरी सडानें पाजावा, आणि वासराची मान त्याच्या आईखालीं जशी असते तशी किंचित् वर ठेवावी. यामागें एक सुंदर योजना आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचे चार कप्पे असतात; पहिला मोठा कप्पा चारा आंबविण्यासाठीं, आणि चौथा खऱ्या पचनासाठीं. तान्ह्या वासराचें दूध त्या चौथ्या कप्प्यांत थेट पडलें पाहिजे. चोखण्याची क्रिया सुरू होतांच अन्ननलिकेच्या शेवटीं असलेली एक पन्हळ मिटून तिची नळी बनते आणि दूध पहिल्या कप्प्याला वळसा घालून पुढें जातें. चोखल्याशिवाय, नळकांड्यानें घशांत ओतलेलें दूध पुष्कळदां पहिल्या कप्प्यांत पडून नासतें. त्याहून वाईट म्हणजे मलूल वासराला बांबूच्या नळीनें काढा ढोसतांना तो श्वासनलिकेंत उतरतो. हगवणीवर औषध दिलें आणि वासरूं फुफ्फुसाच्या दाहानें गेलें, असें घडतें तें यामुळें. ज्याला चोखतां येत नाहीं त्याला घरीं पाजूं नये. त्याला नळी घालण्याचें काम डॉक्टरांचें.

हगवणीचे जंतु नाना प्रकारचे आहेत, आणि पहिल्या चार दिवसांतील हगवण, दुसऱ्या आठवड्यांतील हगवण यांचे कर्तेही वेगवेगळे असतात. पण वासरूं मरतें तें बहुतेक वेळां जंतूंनीं नव्हे, पाणी व क्षार अंगांतून गेल्यामुळें. मानेवरची कातडी चिमटींत धरून सोडावी: निरोगी वासराची ती क्षणांत पूर्ववत् होते, दोन-तीन सेकंद तशीच उभी राहिली आणि डोळा खोबणींत आंत गेलेला दिसला, तर पाण्याची तूट बरीच झालेली आहे असें समजावें. तोंडाचा आंतला भाग व कान गार लागले, वासरूं उठेना, चोखेना, तर घरगुती उपायांची वेळ निघून गेलेली आहे. तेव्हां शिरेंतून सलाइन आणि सोड्याचें द्रावण हाच उपाय.

मात्र तोंपर्यंत थांबण्याचें कारण नाहीं. 1971 मध्यें बांगलादेशांतून आलेल्या निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत पटकीनें माणसें पटापट मरत असतां, शिरेंतून देण्याचें पाणी संपलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबिस यांनीं मीठ, साखर व सोडा यांचें पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हातूनच रोग्यांना पाजविलें आणि असंख्य जीव वांचविले. साखर आंतड्यांतून आंत जातांना मिठाला बरोबर घेऊन जाते आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातें, हें त्यामागील तत्त्व. हेंच तत्त्व वासराच्या आंतड्यासही लागू आहे. वासरांसाठीं निराळीं क्षारांचीं पुडकीं पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानांत मिळतात. तीं हातीं येईपर्यंत माणसांसाठींच्या ओआरएसची पुडी, एका लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत, तात्पुरती चालते. मोठ्या हगवणींत दिवसांतून दोन-तीन वेळां, प्रत्येक वेळीं दीड-दोन लिटर कोमट पाणी चोखावयास द्यावें. तें दुधांत मिसळूं नये. दूध व हें पाणी यांत दोन तासांचें अंतर ठेवावें. आणि हगवण लागली म्हणून दूध तोडूं नये. "पोटाला विश्रांति" या नांवाखालीं दोन-तीन दिवस उपाशी ठेवलेलीं वासरें हगवणीनें नव्हे, भुकेनें मेलेलीं असतात. थोडें थोडें, अधिक वेळां, पण आईचेंच दूध चालूं ठेवावें.

उष्णतामापक यंत्र हें गोठ्यांत असावयास हवें असें फारच थोड्यांना वाटतें. त्याची किंमत एका वेळच्या दुधाइतकीच असते. तें गुदद्वारांत एक मिनिट धरावें. 101 ते 103 अंश फॅरनहाइट हें वासराचें स्वाभाविक मान. 104 चढलें किंवा शेणांत रक्त दिसलें तर प्रतिजैविकाचा विचार डॉक्टरांनीं करावा. 100 च्या खालीं उतरलें तर आधीं ऊब द्यावी. प्रत्येक हगवणीला दुकानदारानें दिलेली गोळी हें औषध नव्हे. म्हशीच्या पारड्यांच्या बाबतींत आणखी एक शत्रु आहे तो जंत. त्याच्या सूक्ष्म अळ्या म्हशीच्या दुधांतूनच पारड्याच्या पोटांत जातात. यास्तव दहा-पंधरा दिवसांचें होतांच पारड्याला जंताचें औषध डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणें द्यावें. पोट नगाऱ्यासारखें आणि अंगावरचे केस रांठ, अशीं जीं पारडीं दिसतात तीं दुधानें सुटलेलीं नसतात.

वासराच्या दुखण्यांत आईकडे दुर्लक्ष होणें हें नेहमींचेंच. वार बारा तासांत न पडली तर ती हातानें ओढूं नये. तिला वीट वा जुना जोडा बांधून ओझें देण्याची खेडोपाडीं दिसणारी युक्ति तर अघोरीच म्हणावी लागेल. त्यानें वार तुटते, आंतील तुकडा कुजतो आणि प्रसंगीं गर्भाशयच बाहेर येतें. वार, मृत गर्भ किंवा स्राव यांना उघड्या हातानें शिवूं नये. त्यांवाटे माणसाला चिवट ताप जडतो. गाईला कोमट पाण्यांत गूळ, आणि शिजविलेली बाजरी देण्याची आपली रीत मात्र उत्तम आहे. व्याण्याच्या श्रमानंतर लगेच लागणारी साखर तींतून मिळते.

व्याल्यापासून तीन दिवसांच्या आंत, विशेषतः तिसऱ्या-चौथ्या वेतांतील दुधाळ संकरित गाय अगर म्हैस अकस्मात् लटपटूं लागते, खालीं बसते, मान कुशीकडे वळवून निपचित पडते, कान थंडगार होतात. यास दुग्धज्वर म्हणतात, पण त्यांत ज्वर नसतो. नांवच फसवें आहे. एकाएकीं उतरलेल्या चिकांत रक्तांतील चुना वाहून जातो आणि स्नायू दुबळे पडतात. या रोगाच्या उपायाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. डेन्मार्कमधील कोल्डिंग येथील श्मिट नांवाच्या पशुवैद्यानें, विष कासेंत तयार होतें अशा समजुतीनें, 1897 मध्यें कासेंत औषधाचें द्रावण भरलें. गाई उठून उभ्या राहूं लागल्या. थोड्याच वर्षांत असें आढळून आलें कीं औषधाची गरजच नाहीं, नुसती हवा भरली तरी काम भागतें. मग गांवोगांव पंपानें कासेंत हवा भरून गाई जगविण्यांत आल्या. कारण उलगडलें तें 1920 नंतरच्या दशकांत: हवेच्या दाबानें दूध बनणें थांबतें आणि चुना रक्तांतच राहतो. चुकीच्या तर्कानें सांपडलेला हा बरोबर उपाय आज मागें पडला आहे. शिरेंतून हळूहळू कॅल्शियम दिलें कीं तासाभरांत गाय उठते. तें घाईनें दिलें तर मात्र हृदय बंद पडतें. म्हणून हें काम कंपौंडरच्या हौसेवर सोडूं नये. अशा गाईची कास पहिले दोन-तीन दिवस पूर्ण रिकामी करूं नये, हा सोपा प्रतिबंध. ती पूर्ण रिकामी होते ती बहुधा चिकाला मागणी असते म्हणूनच.

कासेचा एखादा भाग दगडासारखा घट्ट व गरम लागला, किंवा पहिल्या धारेंत गाठी दिसल्या, तर ती दगडी होय. त्या सडाचा चीक वासराला देऊं नये, आणि अर्थातच किटलींतही घालूं नये.

रोगाच्या सांथींत चिकाचें मोल अधिकच कळतें. 2022 च्या ऑगस्टांत महाराष्ट्रांतील त्या वर्षींच्या लम्पी रोगाची पहिली नोंद जळगांव जिल्ह्यांत, रावेर तालुक्यांतील चिनावल येथें झाली, आणि पाहतां पाहतां तो रोग खानदेश ओलांडून राज्यभर पसरला. जनावरांचे बाजार बंद करावे लागले. माश्या, डांस व गोचिडी यांवाटे पसरणारा हा रोग तान्ह्या वासरांना फार जाचतो. ज्या गाईला आधींच लस टोचलेली असते, तिच्या चिकांतून वासराला आरंभींच्या काळापुरतें संरक्षण मिळतें. त्याला स्वतःला लस देण्यापूर्वींचा काळ त्या आधारावरच काढावयाचा असतो. लाळ-खुरकूत रोगांत प्रकार निराळा आहे. आजारी गाईचें दूध प्यालेलें वासरूं अंगावर एकही फोड न दिसतां हृदय बंद पडून जातें. तेव्हां त्याला दूर बांधून उकळून निवविलेलें दूधच द्यावें.

खानदेशच्या चारापाण्यांतही कांहीं जपण्यासारखें आहे. कपाशीचा मुलूख असल्यानें सरकी व तिची ढेप गव्हाणींत असतेच. मोठ्या गाईला ती मानवते, पण सरकींतील एक विषारी द्रव्य तान्ह्या वासराच्या पोटाला सोसत नाहीं. महिन्याभराच्या वासरानें आईच्या टोपलींत तोंड घालूं नये असें बांधावें. दुष्काळी उन्हाळ्यांत गाभण गाय केवळ दादरच्या वाळल्या कडब्यावर राहिली, तर तिच्या चिकांत अ जीवनसत्त्व कमी उतरतें आणि वासरूं डोळ्यांनीं अधू व अंगानें दुबळें निपजतें. शेवटच्या दोन महिन्यांत मूठभर लसूणघास जरी मिळाला तरी फरक पडतो. आणि पावसानें ओढ दिली असतां शेतांतील खुरटी, पोपटी ज्वारी कोणाही जनावराला चारूं नये. तींत विष असतें.

एक गोष्ट अप्रिय असली तरी सांगावयास हवी. कालवड झाली तर तिची जी बडदास्त राहते, ती आतां गोऱ्ह्याची राहत नाहीं. सातपुड्याच्या पायथ्याशीं तापीकांठीं ठेलारी लोकांनीं पैदास केलेल्या पांढऱ्या, उंच खिल्लार बैलांवर ज्या प्रदेशाची शेती उभी राहिली, तेथेंच ट्रॅक्टर आल्यापासून नर वासरूं म्हणजे दुधाचा अपव्यय, असें मानलें जाऊं लागलें आहे. पान्हा फुटेपर्यंत दोन घोट, आणि मग दावें. त्याचा आजार मग कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. वसुबारसेस सवत्स धेनूची पूजा करून त्या दिवशीं गाईचें दूध वर्ज्य करणाऱ्या घरांनीं, आपला गवळी गोऱ्ह्याला किती दिवस पाजतो हें वर्षांतून एकदां विचारण्यास हरकत नसावी.

चीक घ्यावा कीं घेऊं नये? चांगली गाय वासराच्या गरजेपेक्षां पुष्कळ अधिक चीक देते, म्हणून घेण्यांत दोष नाहीं. तो कोणत्या वेळचा, एवढेंच पाहावें. पहिल्या दिवसाचा वासराचा. दुसऱ्या दिवसापासून वासरूं पोटभर पिऊन उरेल तो किटलींत आला तर त्याचाही खरवस होतो, थोडा सैल होतो इतकेंच. दूध कमी मिसळावें. एवढी मागणी गिऱ्हाइकांनींच केली, तर गवळ्याचें नुकसान होत नाहीं. आणि ज्यांच्या घरीं बर्फाची पेटी आहे व गोठाही जवळ आहे, त्यांनीं निरोगी गाईच्या पहिल्या धारेचा उरलेला चीक लिटर-लिटरच्या स्वच्छ बाटल्यांत, वर थोडी जागा सोडून, गोठवून ठेवावा. तो वर्षभर टिकतो. आई व्याल्याबरोबर मेली, अगर तिची कास दगडी झाली, तर शेजारच्या वासराला तो उपयोगी पडतो. देण्यापूर्वीं बाटली हाताला सोसेल अशा कोमट पाण्यांत ठेवून चीक हळूहळू वितळवावा, विस्तवावर ठेवूं नये. धुळें जिल्ह्यांत डॉक्टर न मिळाल्यास 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सालयाची गाडी मागवितां येते. दूरध्वनि करतांना वासराचें वय, ताप, शेणाचा रंग आणि त्यानें पहिला चीक कोणत्या वेळीं घेतला, या चार गोष्टी हाताशीं ठेवाव्यात.